वहीत नसलेली नावे

मावळ तालुक्यातील इंदुरी हे गाव इंद्रायणीच्या काठावर, तळेगाव दाभाडे आणि चाकण यांना जोडणाऱ्या रस्त्यालगत वसले आहे. सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या काळातील भुईकोट आणि त्यातील कडजाईचे देऊळ ही या गावाची जुनी ओळख असली, तरी एका हाताला तळेगावची आणि दुसऱ्या हाताला चाकणची औद्योगिक वसाहत असल्यामुळे गेल्या काही दशकांत हा सारा पट्टा पोटासाठी दूरदूरहून आलेल्या माणसांचाही झाला आहे. या माणसांची चर्चा निघते तेव्हा डोळ्यांपुढे बहुधा पुरुषच येतो: कंत्राटी कामगार, वाहनचालक, गवंडी. त्याच्याबरोबर किंवा त्याच्याशिवाय आलेली स्त्री या चर्चेत उशिरा येते आणि आली तरी कुणाची तरी बायको म्हणून येते. तिचे श्रम, तिची जात, तिची भाषा आणि तिचे परकेपण यांचा मिळून तिच्या आयुष्यावर काय परिणाम होतो, हे क्वचितच विचारले जाते. वास्तविक महाराष्ट्रात अशा स्त्रियांनी गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत उभ्या केलेल्या चळवळींचा इतिहास मोठा आहे, आणि तो बारकाईने पाहिला, तर त्यातील अनेक लढ्यांच्या मुळाशी एक साधी मागणी सापडते, ती म्हणजे कुठल्या तरी वहीत, उताऱ्यावर किंवा पत्रावर आपल्या कामाची आणि हक्काची नोंद आपल्याच नावाने व्हावी.

‘स्थलांतरित’ या शब्दाचा अर्थ जनगणनेच्या भाषेत अगदी सरळ आहे; जन्माचे किंवा आधीच्या वास्तव्याचे ठिकाण सोडून जो दुसरीकडे राहतो तो स्थलांतरित. या व्याख्येने २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित ठरले आणि त्यांत दोन तृतीयांशांहून अधिक स्त्रिया होत्या, कारण स्त्रियांच्या बाबतीत गाव सोडण्याचे सर्वांत मोठे कारण विवाह हे आहे. म्हणजे मावळातील जवळपास प्रत्येक घरात सून म्हणून आलेली बाई ही जनगणनेच्या लेखी स्थलांतरितच असते, पण लोकव्यवहारात तिला कोणी तसे म्हणत नाही. माहेर आणि सासर या दोन शब्दांनी मराठीने हे स्थलांतर इतके घरगुती करून टाकले आहे की त्यातील तुटलेपण केवळ जात्यावरच्या ओव्यांपुरते उरले. उलट, ऊसतोडीसाठी मराठवाड्यातून आलेली बाई, तळेगावच्या फुलशेती प्रकल्पातील हरितगृहांत गुलाब छाटणारी बाई किंवा बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून नवऱ्याच्या पाठोपाठ येऊन भाड्याच्या खोलीत राहणारी बाई मात्र ‘बाहेरची’ ठरते, आणि वर्षानुवर्षे इथे राहूनही बाहेरचीच राहते.

या परिसराच्या इतिहासातील सर्वांत नामवंत स्त्री, उमाबाई दाभाडे, हीदेखील अशीच बाहेरून आलेली होती. नाशिककडच्या अभोण्याच्या ठोके देशमुखांची ही मुलगी खंडेराव दाभाड्यांची पत्नी म्हणून तळेगावास आली, आणि १७३१ साली डभईच्या लढाईत थोरला मुलगा त्र्यंबकराव मारला गेल्यावर गुजरातच्या मोहिमांची सूत्रे तिने हाती घेतली. सेनापतिपदाची वस्त्रे मात्र अल्पवयीन मुलाला, यशवंतरावाला मिळाली. कारभार आईचा आणि पद मुलाच्या नावावर, अशी ती व्यवस्था होती. सरदारघराण्यातील स्त्री आणि कष्टकरी स्त्री यांची तुलना करण्यात अर्थ नाही, कारण दोघींच्या हातांत असलेल्या सत्तेत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तरीसुद्धा काम एकीचे आणि नोंद दुसऱ्याची, ही रीत किती जुनी आणि किती वरच्या थरापर्यंत पोहोचलेली होती, ते यावरून ध्यानात येते.

अशा स्त्रियांच्या प्रश्नाकडे पाहण्यासाठी समाजशास्त्रात जी संकल्पना आज सर्वाधिक वापरली जाते तिला मराठी स्त्री-अभ्यासात ‘आंतरछेदितता’ असे म्हटले जाते. शब्द जड आहे, पण त्यामागचा विचार रोजच्या अनुभवातला आहे. अमेरिकेतील कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ साली तो मांडला, आणि त्यांनी विचारात घेतलेल्या खटल्यांपैकी एक खटला जनरल मोटर्स या मोटार कंपनीशी संबंधित होता. या कंपनीचा एक कारखाना पुढे तळेगावातही उभा राहिला आणि २०२० च्या डिसेंबरात बंद होईपर्यंत चालू होता, म्हणून मावळच्या वाचकाला ते नाव अनोळखी नाही. खटला मात्र फार आधीचा, १९७६ च्या सुमाराचा आणि अमेरिकेतील सेंट लुइस येथील कारखान्याचा आहे. त्या कारखान्यात १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतलेच जात नव्हते. नंतर घेतले गेले, पण मंदी आली तेव्हा ‘जो शेवटी आला तो आधी जाईल’ या ज्येष्ठतेच्या नियमाने १९७० नंतर रुजू झालेल्या त्या सगळ्या जणी घरी बसल्या. पाच जणी न्यायालयात गेल्या. न्यायालयाने पाहिले की कंपनीत स्त्रिया होत्या, म्हणजे स्त्री म्हणून भेदभाव झाला असे म्हणता येत नाही, आणि कृष्णवर्णीय कामगारही होते, म्हणजे वर्णावरून भेदभाव झाला असेही म्हणता येत नाही. त्या स्त्रिया गोऱ्या होत्या आणि कचेरीत बसत होत्या, ते कृष्णवर्णीय कामगार पुरुष होते आणि यंत्रांवर काम करत होते. कृष्णवर्णीय आणि स्त्री अशी दोन्ही असलेली व्यक्ती कायद्याच्या कुठल्याच रकान्यात बसेना, आणि दोन्ही तक्रारी एकत्र करून नवा वर्ग निर्माण करता येणार नाही, असे सांगून न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला.

क्रेनशॉ यांनी यासाठी चौकाचा दाखला दिला. चारही बाजूंनी वाहने येणाऱ्या चौकात एखादी व्यक्ती जखमी झाली, तर धडक कोणत्या रस्त्यावरून आलेल्या वाहनाची, हे सांगणे अवघड असते. कधी एका रस्त्याचे, कधी दोन्हींचे वाहन तिच्यावर आलेले असते, आणि प्रत्येक रस्त्याचा चालक दुसऱ्याकडे बोट दाखवतो. दिवसरात्र अवजड वाहनांनी भरलेला तळेगाव-चाकण रस्ता ज्यांनी ओलांडला आहे, त्यांना हा दाखला फोड करून सांगावा लागणार नाही. जात, वर्ग, लिंग, धर्म, भाषा आणि परगावचे असणे हे वेगवेगळे रस्ते असून काही माणसांचे सारे आयुष्यच त्यांच्या चौकात उभे असते, आणि त्यांच्यावरील अन्याय कोणत्याही एका रस्त्याच्या नकाशावर दिसत नाही, असा या संकल्पनेचा थोडक्यात आशय आहे.

शब्द अमेरिकेतून आला असला, तरी विचार महाराष्ट्राला उसना घ्यावा लागला असे समजणे चुकीचे ठरेल. १८५५ साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात तिने अस्पृश्यतेच्या दुःखाचे वर्णन करताना आपल्या समाजातील स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर धड छप्परही नसते आणि थंडीवाऱ्यात त्यांची काय दशा होते, याकडे लक्ष वेधले आहे. जातीचे दुःख आणि बाईपणाचे दुःख एकाच अंगावर कसे येते, हे एका शाळकरी मुलीने संकल्पनेच्या जन्माआधी एकशे चौतीस वर्षे सांगून ठेवले होते, ही गोष्ट मराठी माणसाने अभिमानाने आणि थोड्या शरमेनेही आठवावी अशी आहे. पुढे १९८९ साली, म्हणजे क्रेनशॉ यांचा लेख आला त्याच वर्षी, ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. १९९५ मध्ये गोपाळ गुरू यांनी दलित स्त्रियांचे म्हणणे वेगळे का आहे, याची मांडणी केली आणि पुणे विद्यापीठातील शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये त्यावर चर्चा करत दलित स्त्रीवादी भूमिकेचा पाया घातला. सवर्ण स्त्रियांच्या नेतृत्वाखालील स्त्रीचळवळीला जात दिसत नव्हती आणि पुरुषांच्या नेतृत्वाखालील दलित चळवळीला बाई दिसत नव्हती, हा त्यांचा आक्षेप सेंट लुइसच्या त्या पाच जणींच्या तक्रारीपेक्षा फारसा निराळा नाही.

ही चर्चा ग्रंथांतून बाहेर काढून शेताच्या बांधावर नेली, तर ती अधिक स्पष्ट होते. मावळ-मुळशीच्या सीमेवर कासारसाई-दारुंब्रे येथे श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे, आणि राज्यातील इतर कारखान्यांप्रमाणे त्यालाही गाळपाच्या हंगामात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या लागतात. राज्यातील ऊसतोड मजुरांचा मोठा भाग बीड जिल्ह्यातून आणि त्याला लागून असलेल्या दुष्काळी तालुक्यांतून येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास निघालेली कुटुंबे मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्याच्या किंवा शेताच्या कडेला कोप्या टाकून राहतात. या व्यवसायाचा सारा हिशेब ‘कोयता’ या शब्दावर चालतो. वरवर पाहता हे हत्याराचे नाव आहे, पण मुकादमाच्या वहीत एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. मुकादम हंगामाआधी जी आगाऊ रक्कम देतो तिला उचल म्हणतात. ती कोयत्यामागे ठरते, बहुधा पुरुषाच्या हातात पडते आणि त्याच्या नावावर लिहिली जाते. फेडायची मात्र दोघांनी.

एका कोयत्यातील कामाची वाटणी जवळून पाहिली की या वहीतील अन्याय नेमका कुठे आहे ते कळते. पहाटे अंधारात उठून बाई पाणी आणते, चुलीवर दिवसभराच्या भाकरी थापते, लेकरांचे आवरते आणि मग नवऱ्याबरोबर फडात जाते. उसाचा बुडखा तोडणे हे मुख्यतः पुरुषाचे काम मानले जाते, तरी तोडणीतही तिचा हात असतो; पाचट काढणे, वाढे बाजूला करणे, मोळ्या बांधणे आणि त्या डोक्यावर घेऊन, ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून तोल सांभाळत वर चढून रचणे, यांत तिच्या कामाचा दिवस जातो. ट्रक रात्री आला तर भरणी रात्रीच होते. पाळी असो, गरोदरपण असो किंवा ताप असो, काम चुकले की खाडा पडतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर जातेच, शिवाय दंडाची रक्कम उचलीच्या हिशेबात जोडली जाते. फडात शौचालय नाही, आंघोळीला आडोसा नाही, आणि संध्याकाळी परतल्यावर चूल पुन्हा तिचीच.

बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या तरुण स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया फार मोठ्या प्रमाणावर होत असल्याचे २०१९ साली उघडकीस आले, तेव्हा सारा देश हादरला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांत १३ हजारांहून अधिक जणींच्या अशा शस्त्रक्रिया झालेल्या आढळल्या. या घटनेचा अर्थ लावताना आंतरछेदिततेची दृष्टी किती आवश्यक आहे ते दिसते. आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहिले तर खासगी दवाखान्यांवरील नियंत्रणाचा मुद्दा पुढे येतो, आणि तो खराच आहे. खासगी दवाखान्यातील अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन त्यानंतरच आले. मजुरीचा प्रश्न म्हणून पाहिले तर खाड्याचा दंड दिसतो, कारण दर महिन्याचे चार दिवस आणि पांढऱ्या पाण्याच्या त्रासाचे आणखी काही दिवस परवडत नाहीत. परंतु पिशवी काढून टाकली म्हणजे कटकट मिटेल, असे वाटण्याची वेळ तिशीच्या आतबाहेरच्या बाईवर का येते, याचे उत्तर कोरडवाहू जमीन, कमी वयातले लग्न, एकामागून एक बाळंतपणे, घाणेरडे पाणी, मुकादमाची उचल आणि नवऱ्याच्या नावची वही या सगळ्यांना एकत्र जोडल्याशिवाय मिळत नाही. लग्नाचे वय कमी होण्यामागेही कोयत्याचा हिशेब असतो. मुलाचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो, आणि हंगामात गावी एकटी ठेवायची धास्ती असलेल्या मुलीचे लग्न उरकले की आईबापांची काळजी कमी होते.

या स्त्रियांच्या संघटनेचे काम म्हणूनच आरोग्यावर सुरू होऊन वहीपर्यंत पोहोचले. बीडमध्ये मनीषा तोकले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महिला ऊसतोड कामगार संघटनेमार्फत, तसेच महिला किसान अधिकार मंच या देशव्यापी जाळ्याने, बाईची मजूर म्हणून स्वतंत्र नोंद व्हावी, मजुरी तिच्या खात्यावर जमा व्हावी आणि तिला स्वतःचे ओळखपत्र मिळावे, या मागण्या लावून धरल्या. राज्य सरकारने ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ स्थापन केले आणि २०२१ पासून ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचे ठरवले. विधवा, परित्यक्ता आणि अविवाहित स्त्रियांच्या दृष्टीने स्वतंत्र नोंदीचा प्रश्न तर जगण्याचाच आहे, कारण जोडीच्या हिशेबात एकट्या बाईला अर्धा कोयता म्हणून घ्यायलाही मुकादम सहसा तयार होत नाही. तिला भाऊ, दीर किंवा वाढलेल्या मुलाबरोबर जोडी लावावी लागते आणि मजुरी पुन्हा त्याच्या नावावर जाते. ऊसतोड कामगारांच्या जुन्या संघटनांनी दर वाढवून मिळावा म्हणून मोठे संप केले, त्यांचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. पण दर कोयत्याचा वाढला, कोयत्याच्या आतील वाटणी तशीच राहिली.

येथे कायद्याची एक उणीव नोंदवली पाहिजे. स्थलांतरित कामगारांसाठी केंद्र सरकारने १९७९ साली जो स्वतंत्र कायदा केला, तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेल्या जाणाऱ्या कामगारांपुरता होता. कर्नाटकातून पुणे जिल्ह्यात कामाला आणलेला मजूर त्याच्या कक्षेत येऊ शकत होता. बीडहून तेवढाच किंवा अधिक प्रवास करून आलेली बाई मात्र त्या कायद्याच्या लेखी स्थलांतरितच नव्हती. राज्याच्या आत फिरणाऱ्या माणसांची नोंद ना निघालेल्या गावात राहते, ना पोहोचलेल्या गावात. परिणामी शिधा, लसीकरण, अंगणवाडी आणि मुलांची शाळा या चारही गोष्टी हंगामाबरोबर तुटतात. परराज्यातून आलेल्या स्त्रीला त्यात भाषेची अडचण जास्तीची असते, कारण दवाखान्यातील आणि पोलीस ठाण्यातील बोलणे तिच्या वतीने दुसऱ्या कुणाला तरी करावे लागते, आणि तो दुसरा बहुधा नवरा, घरमालक किंवा कंत्राटदार असतो.

नोंदीची मागणी प्रत्यक्षात आली की काय बदलते, हे पाहण्यासाठी पुणे शहराकडे वळावे लागते. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून आणि इतर कोरड्या भागांतून जी कुटुंबे पुण्याच्या झोपडपट्ट्यांत आली, त्यांत मातंग आणि बौद्ध कुटुंबांची संख्या मोठी होती. या कुटुंबांतील निरक्षर, भूमिहीन स्त्रीला शहरात काम मिळण्याच्या वाटा थोड्या होत्या. घरकाम होते, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जात विचारली जाई. बांधकाम होते, पण तिथेही ठेकेदाराला जोडी हवी असे. कचरा वेचायला मात्र भांडवल लागत नव्हते, ओळखीचा माणूस लागत नव्हता आणि मालकही नव्हता. जातीने जे काम पिढ्यानपिढ्या माथी मारले त्याच कामाची नवी आवृत्ती शहरात स्त्रियांच्या वाट्याला आली, असे म्हणताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, की यातील कित्येक स्त्रिया हुकूम देणाऱ्या मालकिणीपेक्षा हे काम पसंत करत, कारण कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर त्यांना कोणी अरे-तुरे करत नव्हते. पोलीस मात्र करत. भंगार चोरीचे असेल या संशयावरून अडवणे आणि मारझोड करणे हे नित्याचे होते.

एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांचा या स्त्रियांशी १९९० च्या सुमारास संबंध आला. घरोघरचा कचरा वेगळा करून मिळाला तर भंगार स्वच्छ राहते, दर चांगला मिळतो आणि उन्हात फिरण्याचे तास कमी होतात, हा अनुभव आधी एका छोट्या वसाहतीत आला. पुढे एका खासगी ठेकेदाराने तिथे गाडी लावून कचरा गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा आपली भाकर जाते हे पाहून स्त्रिया एकत्र आल्या. १९९३ मध्ये हमालांच्या संघटनेचा दीर्घ अनुभव असलेले डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. नावात ‘कचरा’ हा शब्द नाही, कागद, काच आणि पत्रा आहेत. विकता येण्याजोग्या मालाची ती नावे आहेत, आणि हा माल वेचणारी व्यक्ती कामगार आहे, हे म्हणणे नावातच मांडलेले आहे.

पंचायतीने मिळवलेल्या पहिल्या मोठ्या गोष्टींपैकी एक म्हणजे महापालिकेने मान्य केलेले ओळखपत्र. १९९० च्या दशकाच्या मध्यात पुणे महापालिकेने पंचायतीच्या सभासदांच्या ओळखपत्रांवर मान्यतेची मोहर उमटवली, आणि पोलिसाने अडवल्यावर पुढे धरायला बाईच्या हातात प्रथमच तिच्या नावाचा, फोटोचा आणि कामाचा कागद आला. आज ज्यांच्या पाकिटात चार-पाच ओळखपत्रे असतात त्यांना याचे महत्त्व उमगणे कठीण आहे. लग्नात नाव बदललेली, शाळेत कधी नाव न घातलेली, गाव सुटल्याने शिधापत्रिकेतून वगळली गेलेली, आणि वस्तीत कुणाची तरी आई म्हणून ओळखली जाणारी बाई या पत्रावर कष्टकरी म्हणून नोंदली गेली. त्या पायावर पुढच्या गोष्टी उभ्या राहिल्या: पतपेढी, मुलांच्या शिष्यवृत्त्या, महापालिकेने हप्ता भरलेला आरोग्य विमा, आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करणारी ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था. या संस्थेच्या सभासदांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे असून त्यातील बहुसंख्य दलित आहेत.

या स्त्रियांच्या कामाचे ज्ञान किती सूक्ष्म आहे, हे वर्गीकरणाच्या जागी उभे राहिल्यावर कळते. पुठ्ठा, पांढरा कागद, वर्तमानपत्राची रद्दी, दुधाच्या पिशव्या, मऊ आणि कडक प्लास्टिक, पत्रा, फुटकी आणि अखंड काच, तांबे काढायच्या वायरी, या प्रत्येकाची रास वेगळी आणि दर वेगळा. प्लास्टिकचा प्रकार नुसत्या चुरगळण्याच्या आवाजावरून ओळखणारे हात तिथे असतात. याच हातांना वर्षानुवर्षे वर्तमानपत्रात न गुंडाळता टाकलेले सॅनिटरी पॅडही उचलावे लागत. तेव्हा या स्त्रियांनी २०१३ मध्ये वापरलेले पॅड ते बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवण्याची मोहीम काढली, आणि पुढे घरोघरी असा आग्रह धरला की पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्यावा, म्हणजे पुडी न उघडता बाजूला ठेवता येईल. पाळीबद्दल उघड बोलण्याची एका वर्गातील स्त्रियांची लाज दुसऱ्या वर्गातील, दुसऱ्या जातीतील स्त्रियांच्या हातांवर घाण बनून येते, हे त्या एका लाल ठिपक्याने शहराला दाखवले. बहिणाबहिणींच्या एकजुटीची भाषा बोलणाऱ्या कोणत्याही स्त्रीचळवळीने हा ठिपका विसरू नये.

पुण्यातील मोलकरणींनी १९८० साली उत्स्फूर्तपणे केलेला संप, त्यातून उभी राहिलेली संघटना आणि २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा, हा याच प्रवाहाचा दुसरा फाटा होय. त्याचा विस्तार स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मावळच्या डोंगराळ भागातील स्त्रियांचे संघटनही या संदर्भात पाहिले पाहिजे. फ्रान्समधून येऊन भारताचे नागरिक झालेले समाजशास्त्रज्ञ गी पॉइटव्हँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी मुळशी, मावळ, वेल्हे या भागांत ‘गरीब डोंगरी संघटने’शी जोडून जे काम केले, त्यात स्त्रियांनी आपले प्रश्न आपल्याच शब्दांत मांडावेत, यावर भर होता, आणि त्या शब्दांचा शोध घेता घेता ते जात्यावरच्या ओव्यांपर्यंत पोहोचले. महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या, आणि आता त्या ‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संग्रहात ध्वनिचित्रफितींसह उपलब्ध आहेत. या ओव्यांत सासरी आलेल्या लेकीचे परकेपण आहे, तसेच दलित स्त्रियांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. ज्यांचे नाव कुठल्याही वहीत नव्हते, त्यांनी पहाटेच्या अंधारात दळताना आपली नोंद आपल्या गळ्याने केली, आणि त्या संग्रहात आता गाणारीचे नाव, गाव आणि जात यांची नोंद ओवीबरोबर केलेली आहे.

सुनेच्या वाट्याला आलेल्या वहीविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण द्रुतगती मार्ग, औद्योगिक वसाहती आणि गृहप्रकल्प यांमुळे मावळात जमिनीचे भाव वाढले, तसे सातबाऱ्यावरील नावांचे महत्त्व अतोनात वाढले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलींना वडिलार्जित मालमत्तेत मुलांबरोबरीचा वाटा दिला, पण व्यवहाराच्या वेळी बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची पद्धत अनेक घरांत चालू राहिली. माहेरच्या जमिनीवरील नाव हक्कसोडपत्राने जाते आणि सासरच्या जमिनीवर ते लागलेले नसते, अशा दुहेरी रिकामेपणात बाईचे आयुष्य निघून जाते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला भरवलेल्या महिला अधिवेशनानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’च्या कार्यक्रमातून नवऱ्यांना आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करण्याचे आवाहन केले आणि अनेक गावांनी ते मानले; ज्या बाईचे माहेर आणि सासर दोन्ही भूमिहीन, तिला मात्र या कार्यक्रमातून काही मिळणे शक्यच नव्हते, आणि अशा घरांत दलित, आदिवासी व भटक्या समाजांतील घरेच अधिक होती. भूमिपुत्रांच्या हक्कांची मागणी औद्योगिक पट्ट्यांत जोर धरते तेव्हाही जमिनीच्या कागदावर नाव नसलेली स्थानिक बाई आणि मतदारयादीत नाव नसलेली बाहेरची बाई या दोघी त्या मागणीच्या बाहेरच राहतात. एकीला नोकरीत प्राधान्य मिळावे म्हणून दुसरीला हुसकावण्याची भाषा होते. प्रत्यक्षात कंत्राटदाराच्या हजेरीपटावर दोघींची मजुरी पुरुषापेक्षा कमी लिहिलेली असते, आणि दोघींना एकत्र बसवणारी संघटना अजून या पट्ट्यात मूळ धरायची आहे.

गाळप संपले की कासारसाईच्या आसपासच्या कोप्या उठतात, पत्रे आणि ताडपत्र्या ट्रॅक्टरवर बांधल्या जातात, आणि उचल फिटली की अंगावर राहिली याचा शेवटचा हिशेब मुकादम वाचून दाखवतो. उरलेली रक्कम पुढच्या हंगामाच्या पानावर ओढली जाते. त्या पानावर पुरुषाचे नाव, त्यापुढे ‘१ कोयता’ आणि त्यापुढे रुपयांचा आकडा असतो. अंगठा किंवा सही एकाचीच घेतली जाते, आणि भरलेली मोळी ज्या डोक्यावरून ट्रकवर चढली ती बाई त्या वेळी थोड्या अंतरावर भांडी पोत्यात भरत असते.